तिसरीला स्वभाव द्या

बस फाटकातून आत वळली तेव्हा आरसेवाली वरच्या खिडकीत चहा पीत उभी होती. बसच्या कडेला लिहिलेलं शाळेचं नाव तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ही तर तिच्या लेकीची शाळा! आज यायची होती ती दुसरीच शाळा, शहराच्या पार त्या टोकाची.

"कसं आहे सरप्राइज?" मॅडम मागून आल्या. मॅडम म्हणजे स्टुडिओच्या मालकीण. "त्या शाळेने सकाळी ऐनवेळी टांग दिली. म्हटलं, आता पोरं आणायची कुठून? मग आठवलं, अगं, आपल्या आरसेवालीच्या लेकीची शाळा जवळच आहे की! मुख्याध्यापिका लगेच हो म्हणाल्या. नेमका तुझ्या लेकीचाच वर्ग येतोय बघ."

"अरे वा," आरसेवाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी?

आता एवढं घाबरायला काय झालं, ते आधी सांगायला हवं. हा स्टुडिओ कार्टून सिनेमे काढतो, घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून बघायचे. असली हलती चित्रं काढणाऱ्याला आधी स्वतः नट व्हावं लागतं. चित्रातली मुलगी रडणार असेल तर आपण आरशात रडून बघायचं, ओठ कुठून थरथरायला लागतो ते पाहायचं आणि मग कागदावर उतरवायचं. त्यामुळे तिथे सगळ्यांच्याच टेबलावर आरसे. हिचा मात्र न्हाव्याच्या दुकानात शोभेल एवढा, आणि त्याच्यासमोर दिवसभर तोंडं वेडीवाकडी करणारी ही बाई. नाव पडलं आरसेवाली, ते पडलंच.

स्टुडिओचं जुनं दुखणं म्हणजे त्यांच्या नायिका. एक भुवई वर, हात कमरेवर, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून हसू, आणि "मला कोण अडवतंय बघू!" केस बदला, फ्रॉक बदला, झाली नवी नायिका. एकदा आरसेवालीने वैतागून आजवरच्या सगळ्या नायिकांचे चेहरे काढले, सगळ्यांचं चकचकीत टक्कल केलं आणि कागद भिंतीवर लावला. ओळखा म्हटलं. ज्यांनी त्या पोरी वर्षानुवर्षं हातांनी काढल्या होत्या, त्यांनाही कुठली कुठल्या सिनेमातली ते सांगता येईना. हसून हसून पुरेवाट झाली, पण दिग्दर्शकाला ते फार लागलं. त्याला सगळे दादा म्हणायचे. "पुढच्या सिनेमात तीन मैत्रिणी," दादाने जाहीर केलं, "आणि तिघी तीन तऱ्हेच्या. टक्कल केलं तरी ओळखू आल्या पाहिजेत!"

गोष्ट ठरली. एकीच्या आजोबांची वाहून गेलेली होडी शोधायला निघालेल्या तीन मुली. पहिली धडाडीची, तिचं नाव पडलं धडाड. दुसरीचं तोंड क्षणभर बंद नाही, ती टकळी. आणि तिसरी? तिसरीचं घोडं अडलं. बैठकांवर बैठका झाल्या. फळ्यावर दादाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, तिसरीला स्वभाव द्या. कुणी म्हणालं, शांत करू या. "शांत म्हणजे स्वभाव नव्हे, ती नुसती कोपऱ्यात उभी केलेली मुलगी झाली!" दादा खेकसला. कुणी म्हणालं, हुशार करू, चष्मा लावू. "चष्मा हासुद्धा स्वभाव नव्हे!" फळ्यावरची ओळ तशीच राहिली.

तिसरीला स्वभाव मिळाला तो आरसेवालीच्या घराच्या दाराबाहेर. त्या दुपारी ती काम घेऊन घरी बसली होती. बाहेर कोणी पुटपुटतंय असं वाटलं म्हणून तिने दारातल्या छोट्या गोल काचेला डोळा लावला. शाळेतून आलेली लेक जिन्याच्या कठड्याला टेकून, दोन्ही मुठी बाहीत ओढून घेऊन एकटीच बोलत होती.

"दोन मिनिटं आहेत का तुझ्याकडे?" मग मान हलवून, "नको. एकच. एकच मिनिट आहे का?" मग आवाज गोड करून स्वतःच उत्तर दिलं, "हो, बोल की!" चेहरा कसा उजळला! आणि लगेच तोच चेहरा पाडून, जाड्या आवाजात, "आत्ता नको गं." मग पुन्हा आपल्या आवाजात, "बरं. काही नाही. असंच."

वरच्या मजल्यावर लेकीची वर्गमैत्रीण राहायची आणि दोघींचं काहीतरी बिनसलं होतं. तिच्याकडे जायची तालीम चाललीये, आरसेवालीने ताडलं. काय मुलगी आहे ही! दुसऱ्याचं दार वाजवायचं तर दोन्ही बाजूंनी बोलून बघते, आणि वर नकाराची तयारीसुद्धा आधीच करून ठेवते! आईला भरून आलं, खोटं कशाला बोला. पण भरून आलं ते क्षणभर. पेन्सिल हातातच होती. लेकीने बेल वाजवेपर्यंत ती बाही, त्या मुठी, ते उजळणं आणि ते पडणं, सगळं कागदावर उतरलंही होतं.

दार उघडलं. "भूक लागलीये," लेक म्हणाली.

"आत झाकून ठेवलंय, घे हं. मी एवढं संपवते."

दुसऱ्या दिवशी दादाने ती चित्रं पाहिली आणि अक्षरशः उडी मारली. "सापडली! तिसरी सापडली!" सीन तयार झाला. तिसरीचं धडाडशी कडाक्याचं भांडण होतं, मग ती धडाडच्या दाराबाहेर उभी राहून समेटाची तालीम करते. शब्द तेच घेतले, अगदी जसेच्या तसे. आवाज देणारी मुलगी अजून ठरली नव्हती, म्हणून कच्चा आवाज आरसेवालीनेच दिला. हे सुचलं कुठून असं कुणी विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच. सांगू सांगू म्हणता राहून गेलं, असं ती मनाशी म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. लेक नको म्हणाली असती तर?

मॅडमना मात्र तिसरी पहिल्यापासून खटकत होती. "फार हळू आहे ही मुलगी. पोरं चुळबुळतील." शेवटी ठरलं की अर्धाकच्चा सिनेमा खऱ्या पोरांना दाखवायचा. पोरं कंटाळली तर तिसरीला कात्री आणि दारासमोरचा सीन बाद. सकाळपर्यंत आरसेवालीच्या जिवाला घोर होता तो एवढाच. आणि आता तो सीन लेक बघणार होती, अख्ख्या वर्गात बसून, आईच्या आवाजात! एखाद्या कारट्याने ओळखलं की झालं, शाळा संपेपर्यंत पोरीला 'एकच मिनिट' म्हणून चिडवतील. आणि कुणी नाही ओळखलं तरी लेकीला कळणारच की, आपली आई दाराआड उभी राहून आपल्याला चोरत होती.

खालच्या छोट्या थिएटरात पोरं घुसली. कलकल, ढकलाढकली, खुर्च्यांचे आवाज. लेक मधल्या रांगेत बसली. आईला बघून तिने कुणाला दिसणार नाही इतपत हात हलवला.

आरसेवालीने दादाला गाठलं. "दादा, ऐक ना. तो दाराचा सीन आज वगळू या."

"काय?"

"पोरांना नाही आवडणार."

"तू बरी आहेस ना? त्या सीनसाठी माझं डोकं खाल्लंस इतके दिवस! अगं, मॅडम खास तोच बघायला बसल्यात. आज वगळला तर गेलाच तो, आणि तिसरीही गेली."

सांगून टाकावं सगळं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण मॅडम शेजारीच कान टवकारून उभ्या. लेकीची गोष्ट इथे बोलायची म्हणजे ती आणखी दोघांना वाटायची. ती सिनेमा लावणाऱ्याच्या खोलीकडे धावली.

"भाऊ, दाराचा सीन आला की पुढे ढकलशील?"

"मॅडमना विचारून या," तो म्हणाला, आणि दिवे मालवले.

सिनेमा सुरू झाला. धडाडने पुलावरून उडी मारली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. टकळीने नावाड्याला बोलून बोलून झोपवलं, पोरं खिदळली. तिसरी आली तेव्हा मात्र हॉल जरा शांत झाला. कुणीतरी जांभई दिली. मॅडम पडद्याकडे बघतच नव्हत्या, त्या पोरांच्या तोंडाकडे बघत होत्या. आरसेवालीला तर पुढचं सगळं पाठ. आता होडी उलटणार, आता भांडण होणार, मग ते दार. 

भांडण सुरू झालं तशी ती वाकून अंधारातून मधल्या रांगेपाशी गेली.

"बाळा, जरा बाहेर ये ना. काम आहे."

"आत्ता?"

"हो, लगेच."

"आई, जा ना गं. सगळे बघतायत."

"काकू, डोकं खाली घ्या!" मागून एक चष्मेवाला ओरडला. परत जायलाही वेळ उरला नव्हता. ती रांगेच्या कडेला, पायरीवरच बसली.

पडद्यावरचे रंग गेले. हा सीन अजून पेन्सिलीतच होता, पांढऱ्यावर नुसत्या करड्या रेघा. दार. दाराबाहेर तिसरी. तिने मुठी बाहीत ओढून घेतल्या.

"दोन मिनिटं आहेत का तुझ्याकडे?" हॉलभर आरसेवालीचा आवाज घुमला. "नको. एकच."

आरसेवाली लेकीकडे बघत होती. लेकीच्याही मुठी बाहीतच होत्या. तिने पडद्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. मुठी सोडल्या, बाह्या सरळ केल्या आणि हात मांडीवर उघडे ठेवले.

"हो, बोल की!" तिसरी स्वतःशीच म्हणाली आणि उजळली. पोरं हसली. मग ते पडलेलं तोंड, तो जाडा आवाज, "आत्ता नको गं." पोरं आणखी हसली. ते हसणं कसलं, चेष्टेचं की मायेचं? आरसेवालीला काही कळेना. तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "आमची ताई अस्संच करते!" कुणी म्हणालं, "मीपण करतो, फोनच्या आधी!" कुणीही वळून लेकीकडे बघितलं नाही. कुणीच ओळखलं नव्हतं. आरसेवालीचा जीव भांड्यात पडला.

मग तिला दिसलं की लेक पडद्याकडे बघत नाहीये. ती आईकडे बघत होती. रागाने नाही, रडवेली होऊन नाही. घरात अनोळखी माणूस बसलेला दिसला तर बघावं, तशी. जरा वेळाने तिने मान वळवली आणि उरलेला सिनेमा सरळ बसून पाहिला.

दिवे लागले. दादा पुढे आला. कोण आवडलं, हात वर करा. धडाडला भरपूर हात, टकळीला भरपूर आरडाओरडा, आणि तिसरीलाही मॅडमना चकित करण्याइतके हात. दादा खुशीत आला. "आता सांगा, काय नाही आवडलं? बिनधास्त सांगा, मी रडणार नाही."

चष्मेवाला उठला. "ती तिसरी आहे ना, ती इतकी का घाबरते? मैत्रीणच आहे ना ती? मैत्रिणीकडे कोण मिनिटं मागतं? मी तर सरळ दारावर लाथ घालतो."

"हो, ते खोटं वाटतं," दोन वेण्यांवाली म्हणाली. "भांडण झाल्यावर असं नाही कुणी बोलत."

पोरांच्या माना डोलल्या. मॅडमनी 'बघ, मी म्हटलं नव्हतं' अशा नजरेने दादाकडे पाहिलं. दादाने आरसेवालीकडे पाहिलं. आणि आरसेवाली चक्रावली. खोटं कसं असेल? तिने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

मधल्या रांगेतून लेक उभी राहिली.

"ते दार मैत्रिणीचं नाहीये," ती म्हणाली.

"मग कुणाचं?" दादाने विचारलं.

"तिच्याच घराचं."

 दादा दोन पावलं पुढे आला. "आणि आत कोण आहे?"

"तिची आई. ती काम करत असते. म्हणून ही आधी बाहेर बोलून बघते."

"वा! आणि मग आत गेल्यावर आई काय म्हणते?"

लेकीने मान जराशी तिरकी केली आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, "घे हं. मी एवढं संपवते."

हॉल फुटला! "माझी पण!" "माझे बाबा पण!" "आमची आजीसुद्धा!" पोरं बाकं बडवावीत तशा खुर्च्या बडवायला लागली. वर्गाच्या बाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. अख्ख्या थिएटरात दोघीच हसत नव्हत्या.

कुठली वरची मैत्रीण नि कुठलं काय! तो जाडा आवाज, ते 'आत्ता नको गं', ते कुणाचं होतं? इतके दिवस आरशासमोर बसून आरसेवालीने तो आवाज घोटला होता, तो माइकसमोर काढला होता, आणि तो आपलाच आहे हे तिला एकदाही ओळखू आलं नव्हतं. पोरीचा स्वभाव भित्रा, असं समजून चालली होती ती. अगं, कसली भित्री? एका मिनिटासाठी घासाघीस करावी लागते तिला, तीही घरात!

"दार बदलायचं!" दादा टाळ्या पिटत ओरडला. "नुसतं दार बदललं की सीन सोन्याचा! आत आईची सावली, पाठमोरी. काय पोरगी आहे!"

"राहिली बाई तुमची तिसरी," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "आरसेवाली, आजच बसून दार बदलून टाक. कुणाची गं ही एवढी हुशार?"

"माझी," आरसेवाली म्हणाली.

"तरीच! तुझंच रक्त."

पोरं बसकडे निघाली होती. आरसेवाली गर्दीतून वाट काढत बसपाशी पोचली. लेक रांगेत शेवटी होती. ती थांबली.

"तू बघत होतीस," ती म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं.

"हो. दाराच्या काचेतून."

"आणि मग काढलंस."

"हो." आरसेवाली म्हणाली. "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं मी. तू म्हण, मी आत्ता वर जाऊन तो सीन काढून टाकायला सांगते. मॅडमना काय म्हणायचं ते म्हणू देत."

लेकीने विचार केला. ही मुलगी उत्तर द्यायच्या आधी खरोखर विचार करते. "नको. राहू दे. चांगला झालाय."

ओरडली असती, रडली असती तर बरं, असं वाटलं आईला. "त्या दिवशी काय सांगायचं होतं गं तुला?"

"काही नाही. झालं ते आता."

"तरी पण."

"मी मावशीला सांगितलं होतं फोनवर."

आरसेवालीला हायसंही वाटलं आणि मत्सरही वाटला, दोन्ही एकदमच. धाकटी बहीण तिची, पोरीचं ऐकून घ्यायला तिला वेळ होता. "बरं केलंस. काय म्हणाली मावशी?"

"म्हणाली, हे मला नको सांगूस, आईला सांग." लेकीने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. "म्हणून तर दाराशी उभी होते."

आणि ती बसमध्ये चढली. वरच्या खिडकीतून दादा हाका मारत होता, अगं ये लवकर, दार काढायला घेऊ. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बसचं दार लावायला आलेल्या वर्गाच्या बाईंना आरसेवाली तिथेच उभी दिसली.

"काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

"हो," आरसेवाली म्हणाली आणि बसमध्ये चढली.